नास्तिकाला काय पडलंय?

‘देव मानत नाहीस ना, मग सारखा त्याच्याच मागे का असतोस?’ नास्तिक माणसाला हा प्रश्न सोसायटीच्या सत्यनारायणाला हमखास ऐकावा लागतो, तोही प्रसादाची वाटी हातात असताना. प्रश्नात खोच असली तरी तो रास्त आहे.

मला त्यावर इर्ल्याची गोष्ट आठवते. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्यातल्या इर्ल्याच्या वेलंकनी चर्चबाहेर क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. बघता बघता गर्दी जमली. कुणी ते पाणी भांड्यात धरलं, कुणी तीर्थासारखं प्यायलं. एका वृत्तवाहिनीने बोलावल्यावरून बुद्धिप्रामाण्यवादी सनल एडमरुकू तिथे आले. त्यांनी आसपासची ओल तपासली. जवळच्या स्वच्छतागृहाचं सांडपाणी तुंबलं होतं. ते भिंतीतून क्रूसाच्या बुडख्यापर्यंत झिरपत होतं आणि केशाकर्षणाने लाकडातून वर चढत होतं. १९९५ च्या सप्टेंबरात गणपती दूध प्यायले, तेव्हा मुंबईभर रांगा लागल्या होत्या. तेव्हाही पृष्ठताण आणि केशाकर्षण हीच कारणं वैज्ञानिकांनी सांगितली होती. दूध निदान गाळून, तापवून आणलेलं होतं.

एडमरुकूंनी टीव्हीवर चर्चवरही तिखट टीका केली. त्यातली थोडी त्यांनी गिळली असती तर बिघडलं नसतं, असं माझं मत आहे. पोलिसांत धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी गेल्या, कलम २९५ अ पुढे आलं आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. पण क्षणभर भाषा बाजूला ठेवा. समोरची बाई ते पाणी लेकराच्या तोंडाला लावत असेल, तर ‘तिची श्रद्धा, आपल्याला काय’ म्हणून पुढे जाणं ही सहिष्णुता म्हणायची का? मला तरी तो निव्वळ कोरडेपणा वाटतो.

शिवाय उपनगरात कुणाची श्रद्धा घराच्या चार भिंतींत राहतच नाही. पूजेची वर्गणी सोसायटीच्या फंडातून जाते, मांडव रस्त्यावर पडतो, भोंगा सगळ्यांनाच ऐकावा लागतो आणि घर कुणाला भाड्याने द्यायचं हेही धर्म विचारून ठरतं. देव न मानणाऱ्याने यावर बोलायचं नाही, तर मग फक्त वर्गणी भरायची?

नास्तिकांचंही आपसात एकमत नाही, हे बरंच आहे. डॉ. श्रीराम लागू देवालाच रिटायर करा म्हणत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माला विरोध न करता शोषणाला विरोध करत होती. दोघे एकाच व्यासपीठावर बसून गावोगाव हा वाद जाहीरपणे घालत. दोघेही पेशाने डॉक्टर, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. पेशंटने दुखणं अंगावर काढलं तर डॉक्टरला ते बघवत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि वर्षानुवर्षं अडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला.

इथवर नास्तिकाची बाजू सोपी आहे. अवघड जातं ते दहाव्याला. पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवत नाही, ऊन चढत जातं. मग घरातला एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. ‘आईला मी सांभाळीन.’ ‘धाकट्याचं शिक्षण थांबू देणार नाही.’ भाऊ-भाऊ वर्षभर जे बोलले नव्हते, ते चार माणसांत मोठ्याने बोलतात. नास्तिक मुलगा मागे उभा असतो. कावळा भुकेने येतो, हे त्याला ठाऊक असतं. तरी त्याची पाळी आली की तोही पुढे होतो, आणि जे बोलतो ते खोटं नसतं.

म्हणून देवाचा प्रश्न त्याला सुटत नाही. देव वजा केला तरी त्याच्या नावावर चालणारी कामं तशीच उरतात. आभार मानायचे असतात, रडायचं असतं, चारचौघांत शब्द द्यायचा असतो. विवेकवाद्यांच्या सभेत भाषणं उत्तम होतात, टाळ्याही पडतात. पण दोन भावांनी आईबद्दल एकमेकांना शब्द द्यावा, अशी जागा तिथे मला अजून दिसलेली नाही.