पाहणाऱ्याचे देणे

२०२० च्या ऑगस्टअखेर पेंच नदीवरील धरणांचे दरवाजे उघडावे लागले आणि कन्हानने आपले काठ सोडले. मौदा तालुक्यातील नदीकाठची कित्येक गावे त्या पाण्यात सापडली. पाणी ओसरल्यावर आम्ही चार-पाच जण तांदूळ, डाळ आणि चादरी घेऊन त्यांपैकी एका गावी गेलो होतो. मदत पाठविणाऱ्यांना हिशेबाबरोबर छायाचित्रेही हवी होती आणि ते काम माझ्याकडे आले. एका पडक्या घराच्या उंबरठ्यावर एक म्हातारी भिजलेले धान्य सुपात घेऊन निवडीत बसली होती. मी मोबाइल वर केला तशी तिने मान उचलली. ‘गुर्जी, फोटो त काढून नेता,’ ती म्हणाली, ‘पन त्याले पाहनार कोन हाय, थे त सांगा.’ तिच्या स्वरात राग नव्हता. नवा पाहुणा आला म्हणजे त्याचे गाव विचारावे, तितक्या सहजपणे तिने ते विचारले होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. अहवालाला जोडण्यापुरते ते चित्र होते, आणि तो अहवाल कोण वाचणार हे मलाही ठाऊक नव्हते.

घरी परतल्यावर मला आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या अनुबोधपटातील एक प्रसंग आठवला. १९८१ साली मुंबईतील झोपड्या आणि पदपथांवरील बिऱ्हाडे हटविण्याची मोठी मोहीम झाली. त्या माणसांविषयीचा हा चित्रपट १९८५ साली पूर्ण झाला. त्यात एक स्त्री कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसालाच फैलावर घेते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळविणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. दिग्दर्शकाने ते बोलणे कापून टाकले नाही. आपल्यावरचा आरोप त्याने आपल्याच कृतीत जसाच्या तसा राहू दिला.

समीक्षकांनी या प्रामाणिकपणाचे पुष्कळ कौतुक केले आहे. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही. कबुली देणे हाही कधी कधी स्वतःला सजविण्याचाच एक प्रकार होऊन बसतो. ‘पाहा, मी माझी निंदाही दाखवितो’ असे म्हणणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते, आणि जिने निंदा केली ती बाई पदपथावरच राहते. तेव्हा प्रश्न तो प्रसंग चित्रपटात ठेवला की नाही, एवढ्यावर संपत नाही. दुसऱ्याचे दुःख पाहिल्याने पाहणाऱ्यावर काही देणे चढते काय, आणि चढत असेल तर ते कशाने फिटते, हे विचारावयास हवे.

पटवर्धनांच्या आयुष्याकडे मी या प्रश्नाच्या वाटेने पाहू लागलो. त्यांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. घराणे स्वातंत्र्यलढ्यातले. अहमदनगरचे रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात शिकत असताना सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. मायदेशी परतल्यावर ते मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’ या ग्रामीण प्रकल्पात राहिले. १९७४ साली बिहारमधील जयप्रकाशजींच्या आंदोलनात ते गेले आणि तेथे त्यांच्या चित्रपटांना खरी सुरुवात झाली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. माणसांबरोबरचे काम आधी आले, कॅमेरा मागाहून आला.

‘हमारा शहर’ला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. १९८६ साली नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही झोपडवस्ती पाडण्यात आली, तेव्हा रहिवाशांबरोबर जे उपोषणाला बसले त्यांत शबाना आझमी होत्या आणि पटवर्धनही होते. त्या कुटुंबांना पुढे गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. त्या स्त्रीला हे उत्तर पोहोचले काय? बहुधा नाही. ती कोणी दुसरीच होती, आणि एकीचे देणे दुसरीला दिल्याने फिटते असे हिशेबाच्या वहीत चालत नाही. तथापि, नैतिक व्यवहारात बऱ्याच वेळा असेच घडते. ज्याचे ऋण आपण घेतो तो माणूस हाती लागत नाही आणि परतफेड पुढच्याला करावी लागते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. उपोषणाला बसणारा दिग्दर्शक तटस्थ कसा राहणार? एका बाजूने उभा असलेला माणूस दुसऱ्या बाजूचे खरे दाखवील, याची शाश्वती कोणी द्यावी? पटवर्धनांचे चित्रपट पाहताना मलाही दोन-तीन ठिकाणी असे वाटले की, समोरच्याला अजून थोडे बोलू द्यावयास हवे होते. मात्र, तटस्थता आणि सचोटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दवाखान्यातील डॉक्टर रोग्याच्या बाजूचा असतो, म्हणून तो नाडीचे ठोके चुकीचे मोजत नाही. अनुबोधपटाच्या आरंभकाळी, १९२२ साली, रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकी दिग्दर्शकाने उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांवर ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ काढला. ते लोक त्या काळी बंदुका वापरीत. फ्लॅहर्टीने त्यांच्याकडून जुन्या भाल्यांनी शिकार करवून घेतली. तो काही कोणत्या पक्षाचा नव्हता. चित्र अधिक सुंदर दिसावे, एवढाच त्याचा हेतू होता. पक्षपाताहून सौंदर्याचा मोह सत्याला कमी घातक नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

पुन्हा त्या म्हातारीकडे वळतो. चित्र पाहणार कोण, हा तिचा प्रश्न पटवर्धनांच्या आयुष्यात न्यायालयाच्या पायरीवर जाऊन बसला आहे. पाहणारा मिळावा म्हणून या माणसाने जितकी वर्षे झगडण्यात घालविली, तितकी आपल्याकडे क्वचितच कोणी घालविली असतील. ‘राम के नाम’ हा १९९२ चा चित्रपट पुरस्कारप्राप्त असूनही दूरदर्शनवर येण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’चे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोवर चित्रपटाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. अणुस्फोटानंतरच्या उन्मादावरील ‘जंग और अमन’मध्ये परिनिरीक्षण मंडळाने २१ ठिकाणी कात्री लावावयास सांगितली, आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो विनाकाप मोकळा केला. ज्यांनी कॅमेऱ्यापुढे आपले दुःख किंवा आपले मत ठेवले, त्यांचे बोलणे डब्यात बंद राहू नये, ही जबाबदारी त्यांनी आपली मानली. चित्रीकरण संपले म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्याला हे सुचले नसते.

परंतु पाहणारे मिळाले म्हणजे सारे निभावले, असेही नाही. ‘राम के नाम’मध्ये अयोध्येच्या वादग्रस्त मंदिराचे तेव्हाचे पुजारी लालदास हे भेटतात. धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाविषयी हा भगव्या वस्त्रांतला माणूस कॅमेऱ्यासमोर निर्भयपणे बोलतो. १९९२ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९९३ साली त्यांची हत्या झाली. ती चित्रपटामुळे झाली असे म्हणणे सचोटीचे होणार नाही. लालदास त्या अगोदरही तेच बोलत होते आणि आपल्याला काय धोका आहे हे त्यांना उमगलेले असावे. तरीही चित्रपट पाहताना माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. बोलणारा आपल्या गावातच राहतो आणि चित्रीकरण करणारा गाडीत बसून निघून जातो. ग्रीक भाषेत साक्षीदार आणि हुतात्मा या दोहोंना मुळात एकच शब्द होता, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. साक्ष देणाऱ्याला त्या शब्दाची किंमत मोजावी लागते. साक्ष टिपून घेणाऱ्याला ती बहुधा मोजावी लागत नाही. या विषमतेवर मला कोणताच तोडगा दिसत नाही.

विलास घोगरे यांची कथा याहूनही जवळची आहे. घोगरे हे आंबेडकरी शाहीर. ‘हमारा शहर’मध्ये त्यांचे गाणे आहे. पुढे ज्या क्रांतिकारी नाट्यपथकात ते गात असत, तेथून त्यांना काढून टाकण्यात आले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर चार-पाच दिवसांतच घोगरे यांनी आपल्या घरात गळफास लावून घेतला. जाण्यापूर्वी त्यांनी भिंतीवर आंबेडकरी ऐक्याचा जयघोष लिहून ठेवला होता. ज्याचा आवाज आपल्या चित्रपटाला लाभला, त्याच्या मरणापाशी पटवर्धन कॅमेरा घेऊन गेले आणि तेथून चौदा वर्षे परतले नाहीत, असेच म्हणावयास हवे. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ साली पूर्ण झाला. तो सुमारे तीन तासांचा आहे. गोळीबाराच्या समर्थनार्थ पोलिसांनी मांडलेली कैफियत त्यात तपासलेली आहे, पण माझ्या मते चित्रपटाचा प्राण गाण्यांत आहे. वस्तीतली माणसे, स्त्रिया, म्हातारे शाहीर गातात, आणि आपले सांगणे आपणच सांगतात. पुढे त्याच चित्रपटात गायलेले कबीर कला मंचाचे तरुण कलावंत अडचणीत आले, तेव्हा त्यांच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीत पटवर्धन होते. चौदा वर्षे म्हणजे एका मुलाचे पाळण्यापासून आठवीपर्यंतचे आयुष्य. आज ज्या वेगाने चित्रे घेतली जातात आणि विसरली जातात, त्या वेगाशी हा हिशेब जुळत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग कॅमेरा खाली ठेवावा हेच बरे. त्या पुराच्या दिवशी मलाही क्षणभर तसे वाटले होते. पण मौद्याच्या माणसाला असे म्हणणे सोपे नाही. नागपूरहून भंडाऱ्याला जाणारा महामार्ग आमच्या गावावरून जातो, आणि पलीकडे भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार मारण्यात आले. वडील भैयालाल तेवढे वाचले. मोठ्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना या घटनेची नीट दखल घ्यावयास कित्येक आठवडे लागले. नंतर मात्र आमच्या रस्त्यावरून गाड्याच गाड्या गेल्या. पुढाऱ्यांच्या, पत्रकारांच्या, वाहिन्यांच्या. चहाच्या टपरीवर थांबून ते वाट विचारीत. आमच्यापैकी कित्येकांना ते गाव या रस्त्याच्या पुढे आहे, एवढेच माहीत होते. त्या कित्येक आठवड्यांत ना कोणी त्यांना लाजविले, ना कोणी त्यांचे दुःख विकले. कोणी पाहिलेच नाही. न पाहण्याचा अपराध पाहण्याच्या अपराधाहून लहान आहे, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

पाहणारी नजर ढाल होऊ शकते, हे जगात अन्यत्रही दिसले आहे. अमेरिकेतील बार्बरा कॉपल यांनी केंटकी राज्यातील कोळसा कामगारांच्या १९७३ सालच्या संपावर जो चित्रपट केला, त्याला पुढे ऑस्कर मिळाले. त्या कामगारांबरोबर राहिल्या, पहाटेच्या नाकेबंदीत उभ्या राहिल्या, मालकांच्या माणसांचा मारही त्यांनी खाल्ला. कॅमेरा समोर असला म्हणजे हात उगारणारा थोडा कचरतो, असा त्यांचा अनुभव होता. तरीही एका तरुण कामगाराचा गोळी लागून मृत्यू झालाच.

पटवर्धनांचा ‘वसुधैव कुटुंबकम्’ हा अलीकडचा चित्रपट त्यांच्या आई-वडिलांविषयी आहे. आई निर्मला या नावाजलेल्या कुंभकलावंत. दोघेही थकत चालले असताना मुलाने घरातच कॅमेरा सुरू केला तो प्रदर्शनासाठी नव्हे, आठवण राहावी म्हणून. पुष्कळ वर्षांनी त्याचा चित्रपट झाला. त्यात काका आहेत, स्वातंत्र्यलढा आहे, पण मला लक्षात राहिले ते चित्रणामागचे बोलणे. इतर चित्रपटांत अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना टोकणारा तो आवाज येथे एखाद्या मुलासारखा आई-बापाला जुन्या गोष्टी विचारतो, आणि आई-वडील त्याची थट्टा करतात. परक्याच्या दारात उभे राहताना ज्या परवानगीची चिंता असते, ती येथे उद्भवत नाही. पाहणारा कोण, हे त्या दोघांना पुरते ठाऊक आहे.

त्या म्हातारीचे छायाचित्र मी नागपूरहून छापून आणले आणि दिवाळीनंतर तिच्या गावी गेलो. घराची एक भिंत नव्याने उभी राहिली होती. तिने छायाचित्र हातात धरले, पदराने पुसले आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिले. ‘याच्यात माही कोठी त दिसतच नाही,’ ती म्हणाली. कोठी पुरात वाहून गेली होती. मग ती उठली आणि मला आत नेऊन कोठी जेथे होती तो कोपरा तिने दाखविला.