मृगजळाची साक्ष

वैशाखातील दुपारी अमरावतीहून बडनेरा-मूर्तिजापूरमार्गे अकोल्याकडे जाताना पुढे रस्त्यावर पाणी साचलेले दिसते, आणि त्यात समोरून येणाऱ्या मोटारीचे उलटे प्रतिबिंबही थरथरत असते. परंतु वऱ्हाडातील कोणताही शेतकरी त्या पाण्यावर आपली बैलजोडी नेत नाही. तापलेल्या भुईलगतची हवा वरच्या हवेहून विरळ होते, तीत तिरकस उतरणारा किरण वळून पुन्हा वर चढतो, आणि आकाशाचाच तुकडा जमिनीवर पसरल्यासारखा भासतो. किरण खरा, आकाश खरे, वळणही निसर्गनियमाबरहुकूम. तेव्हा डोळ्याची जबानी रास्त असून, तीवरून बुद्धीने घाईने दिलेला निवाडा तेवढा खोटा ठरतो.

वेदान्त्यांनी भ्रमाचे दोन प्रकार सांगितले आहेत. दोरीवरील सर्प दिवा आणताच नाहीसा होतो, तो निरुपाधिक. मृगजळ मात्र कारण उमगल्यावरही दिसतच राहते, कारण त्याची उपाधी, म्हणजे भ्रम उपजविणारी परिस्थिती, जागच्या जागी कायम असते, म्हणून ते सोपाधिक. मग ज्ञानानंतरही उरणाऱ्या या रूपाचे करायचे काय?

याचे उत्तर वऱ्हाडातच मिळते. लोणी टाकळीस 1881 साली जन्मलेले आणि तान्हेपणीच दृष्टी गमावलेले माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज अद्वैताचे कट्टर पुरस्कर्ते होते. तरीही कृष्णाच्या सगुण रूपावर त्यांनी पत्नीभावाने प्रेम केले आणि त्या भूमिकेस मधुराद्वैत म्हटले. रूपाचे मिथ्यात्व पटल्यावरही त्यांची भक्ती ओसरली नाही.

कलेचा व्यवहार याहून निराळा नाही. तंबोऱ्याची तार घोडीवर मोकळी ठेवली तर तिचा नाद कोरडा निघतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून, कंपणारी तार घोडीच्या उतरत्या पृष्ठाला घासू दिली, म्हणजे तिच्या कंपनात जाणूनबुजून बिघाड केला, की वरचे स्वर जागे होतात आणि जवारी लागते. अष्टभुजा महिषमर्दिनी घडविणाऱ्या शिल्पकारालाही मनुष्यदेहाचे प्रमाण ठाऊक होतेच; परंतु दोन हातांत न मावणारे सामर्थ्य दाखविण्यासाठी त्याने ते राजरोस मोडले.

वळण लपवून त्याचे मोल घेतो तो लबाड, आणि ते उघड ठेवून त्यातून अर्थ काढतो तो कलावंत. म्हणून विकृतीचा न्याय करताना ती आहे की नाही हे न पाहता, ती प्रामाणिकपणे कबूल केली आहे की नाही, एवढेच पाहावे.