पॉवरची गोळी

मागच्या पावसाळ्यात आईला लघवीला जळजळ सुरू झाली. दर अर्ध्या तासाला बाथरूम, ओटीपोटात दुखणं, रात्रभर झोप नाही. ताप नव्हता, पाठ दुखत नव्हती. डॉक्टर मॅडमनी तपासलं, लघवी कल्चरला पाठवली आणि नायट्रोफ्युरँटॉइन नावाची गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. मी तिथल्या तिथे मोबाइलवर नाव शोधलं. औषध १९५३ सालचं निघालं, म्हणजे आईपेक्षाही वयाने मोठं. न राहवून विचारलं, "मॅडम, जरा पॉवरची गोळी नाही का देता येणार?"

मॅडम म्हणाल्या, "ही गोळी लघवीत साठते. बाकी शरीरात तिचा फारसा जोर नाही आणि आत्ता आपल्याला तेच हवंय. थंडी-ताप आला, पाठीत दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर लगेच घेऊन या. मग जंतू किडनीपर्यंत गेलेत असं धरून चालावं लागेल आणि ही गोळी पुरणार नाही. तेव्हा दुसरं देऊ."

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी एक नियम शिकवतात. एखाद्या प्रोग्रामला त्याच्या कामापुरतीच परवानगी द्यायची, जास्त नाही. फाइल नुसती वाचायची असेल तर ती पुसायचा अधिकार देऊ नये. मॅडम तेच सांगत होत्या. मला नियम पाठ होता. पण समोर आई होती, आणि मी सरळ सगळ्या सिस्टिमची किल्ली मागत होतो.

अँटिबायोटिकची निवड हा वरवर तांत्रिक प्रश्न वाटतो. जंतू कोणता, जागा कोणती, औषध कोणतं. पण ही औषधं इतर औषधांसारखी नाहीत. मी बीपीची गोळी घेतल्याने शेजाऱ्याची बीपीची गोळी निकामी होत नाही. अँटिबायोटिकचं मात्र तसंच होतं. औषधाने साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात, वाढतात आणि दुसऱ्याकडे जातात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल भाषणात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरं घेतो आणि पेनिसिलिनला सरावलेले जंतू बायकोला देतो. तिला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही, ती मरते. गोळी एकाने घेतली, किंमत दुसरीने मोजली.

आता ही गोष्ट कल्पित उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिक्सचे तीन गट केले. पहिला सर्रास वापरायच्या औषधांचा, दुसरा जपून वापरायच्या आणि तिसरा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायच्या औषधांचा. आईची गोळी पहिल्या गटातली. सर्दी झाली, घसा धरला की मेडिकलमधून आपण जी अझिथ्रोमायसिनची पट्टी आणतो, ती दुसऱ्या गटातली. मोठ्या माणसांचा घसा बहुतेक वेळा व्हायरसमुळे दुखतो आणि व्हायरसवर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. तरी आपण ती घेतो, तीन दिवसांत बरं वाटतं आणि श्रेय गोळीला जातं. नाहीतरी बरं वाटणारच होतं.

तिकडे पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ साली टायफॉइडची अशी साथ सुरू झाली, की नेहमीची सगळी औषधं आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारखं इंजेक्शनही निरुपयोगी ठरलं. अशा टायफॉइडवर तोंडाने घ्यायचं भरवशाचं औषध एकच उरलं, अझिथ्रोमायसिन. त्यालाही दाद न देणारे टायफॉइडचे जंतू दक्षिण आशियात सापडले आहेत. आपण सर्दीवर उधळतो ती गोळी कुणाच्या तरी तापातली शेवटची गोळी आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. डॉक्टरचं पहिलं कर्तव्य समोरच्या पेशंटशी. उद्याच्या कुणा अनोळखी माणसासाठी आजच्या आजाऱ्याने सोसायचं का? नाही. रक्तात संसर्ग पसरलेल्या माणसाला तासाभराचा उशीरही महागात पडतो. तिथे आधी जोरदार औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आला की नेमक्या औषधावर येतात. तेच बरोबर आहे. पण त्या दिवशी आईला कुणी सोसायला सांगत नव्हतं. तिला योग्य औषध मिळालं होतं. एका पारड्यात अनोळखी माणसाचा जीव होता आणि दुसऱ्यात आईचा आजार नव्हताच, माझी काळजी होती. ती काळजी खरी होती, पण तिच्यावरचा उपाय अँटिबायोटिक नव्हता.

शिवाय तो अनोळखी माणूस तितका अनोळखीही नसतो. जास्त जंतूंवर चालणारी गोळी पोटातल्या उपयोगी जंतूंनाही मारते. जे चिवट उरतात ते काही महिने आतड्यात राहू शकतात आणि लघवीचा पुढचा संसर्ग बहुधा तिथूनच येतो. म्हणजे उद्याचा तो पेशंट कदाचित आईच.

इथपर्यंत मला पटलं. मग आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका आठवले. त्यांना सर्दी-तापात मेडिकलच्या काउंटरवरून दोन गोळ्या घेताना मी पाहिलंय. डॉक्टरची फी, लॅबचे पैसे आणि एका खाड्याचा कापला जाणारा पगार, यापेक्षा त्या दोन गोळ्या स्वस्त. त्यांना मी काय उपदेश करणार? माझी सिक लीव्ह भरपगारी आहे, इन्शुरन्स आहे, घरून काम करता येतं. तीन दिवस घसा दुखला तर माझं काहीच बुडत नाही.

म्हणून मला वाटतं, हे कर्तव्य सगळ्यांवर सारखं नाही. ज्याला थांबणं परवडतं, त्याने थांबलंच पाहिजे. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणं, व्हायरल घसा आपोआप उतरेपर्यंत थांबणं ही चैन आहे, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनीच ती वापरत नसाल तर कुणी वापरायची? ज्याला परवडत नाही, त्याला परवडेल असं करणं हा याच कर्तव्याचा दुसरा भाग. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉचमनना आजारपणाची भरपगारी सुट्टी द्यायचा मुद्दा मी मांडला. दोन मीटिंगा झाल्या, अजून ठरलेलं नाही. अँटिबायोटिक वाचवायचा हा मार्ग असू शकतो, हे तिथे नीट पटवून देणं मला जमलेलं नाही.

आईची जळजळ दुसऱ्या दिवसापासून कमी झाली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू ई. कोलाय. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर, चालेल की नाही ते सांगणारं. नायट्रोफ्युरँटॉइन चालणार होतं. तीन औषधं चालणार नव्हती. त्यातल्या दोन औषधांच्या अर्धवट पट्ट्या आमच्या घरातल्या ड्रॉवरमध्ये सापडल्या. त्या कुणी आणि कशासाठी आणल्या होत्या, हे कुणालाच आठवेना.