स्वभावाला औषध

आपल्या भाषेतल्या ज्या म्हणींनी माणसांचे अपरिमित नुकसान केले, त्यांत ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीचा क्रम मी फार वरचा लावीन. कारण माझ्या पत्नीचे वर्तन नातलगांच्या चर्चेचा विषय झाले तेव्हा तिच्या आईपासून माझ्या आत्यापर्यंत प्रत्येकाने तीच उच्चारली, आणि शिकलासवरलेला असूनही मी त्या निवाड्यावर शिक्कामोर्तब करून सात वर्षे स्वस्थ बसलो.

एका संध्याकाळी कचेरीतून निघण्यास पाऊण तास उशीर झाला व गर्दीत फोन ऐकू आला नाही. घरी पोहोचलो तो दारात माझी बॅग भरून ठेवलेली, आणि आतून प्रश्न आला, “तुम्ही आता येणारच नव्हतात ना?” पुढे संतापाचा जो लोट उसळला त्यातून माझे आईवडील, माझी नोकरी, आमचा विवाह, काहीही सुटले नाही, आणि मध्यरात्री तीच स्त्री बॅगेतले सदरे एकेक काढून, घडी न मोडता, रडत रडत कपाटात लावीत होती. मनगटावरचे व्रण स्वयंपाकघरातल्या भाजण्याचे नव्हेत, हेही तिने त्याच रात्री सांगितले.

डॉक्टरांनी या व्याधीचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असे सांगितले. जे रुग्ण मज्जाविकृतीच्या कोष्टकात बसत नाहीत आणि चित्तविकृतीच्याही नाहीत, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 साली ‘सीमारेषेवरचे’ हा शब्द योजिला, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत तो 1980 साली दाखल झाला. या व्याधीत भावना क्षणात टोक गाठतात व उतरण्यास फार वेळ घेतात, आणि बहुधा त्यांच्या मुळाशी आपल्याला सोडून दिले जाईल ही भीती असते. ज्या समाजात नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला ‘टाकलेली’ असा सिद्ध शब्द आहे, तिथे या भीतीला रूप धारण करण्यास कितीसा अवधी लागणार!

मी भांडत नसे. माझ्या सोशिकपणाची आप्तांत वाखाणणी होई, आणि तो सोशिकपणा म्हणजे वस्तुतः अबोला होता: जेवताना मान खाली, उत्तरास केवळ हुंकार, आणि असे चार-चार दिवस. आपल्या घरांतून अबोल्याला सभ्यपणाचा दर्जा आहे. परंतु त्यजले जाण्याच्या धास्तीने जी जळते आहे, तिच्या डोळ्यांदेखत मी रोज घरात बसून तिला टाकीतच होतो, ही गोष्ट उमगली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

तत्पूर्वी मी वकिलांकडून घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा करून घेतला होता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे कारण आहे. मात्र नुसता विकार असणे पुरेसे नाही, त्याची तीव्रता सहजीवन अशक्य करणारी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली स्पष्ट केले आहे. मसुद्यात माझी पत्नी ‘जाबदार’ होती. आजाराबद्दल जाब तिने द्यायचा आणि अबोल्याची नोंद कुठेच नाही, अशी ती एकतर्फी कैफियत होती.

म्हण खोटी ठरविणारा पुरावा मात्र भक्कम आहे. सिॲटलच्या मार्शा लिनेहान यांनी घडविलेल्या उपचारपद्धतीची पहिली तुलनात्मक चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. त्या स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात राहिल्या होत्या, हे त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितले. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयाने 290 रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत दहांपैकी नऊ जणांची लक्षणे निदान दोन वर्षे ओसरली. पण नाती आणि कामधंदा यांसह पूर्ण सावरले ते निम्मेच. मी या दुसऱ्या आकड्याकडेही डोळेझाक करीत नाही.

हे औषध म्हणजे मुख्यतः अभ्यास, गोळ्यांचा वाटा दुय्यम. तिच्या वहीत राग, भीती, लाज असे रकाने आहेत व रोज शून्य ते पाच असे आकडे भरायचे. लोट चढू लागला की ती पातेल्यात बर्फाचे पाणी घेऊन त्यात चेहरा बुडविते. माझा अभ्यास असा, की आधी ‘तू घाबरलीस’ हे मान्य करायचे आणि उशिराचा खुलासा मागाहून द्यायचा. हे मला अजून नीट साधत नाही.

गेल्या मंगळवारी पुन्हा उशीर झाला. भीतीच्या रकान्यात 4 होते, आणि माझे ताट झाकून ठेवलेले होते. अर्जाचा मसुदा अद्याप माझ्या कपाटात आहे.