शत्रुपक्षातील आप्त : सांघिक युद्धखेळ आणि नैतिक दृष्टीचा प्रश्न

सांघिक युद्धखेळांविषयीची नैतिक चर्चा बहुधा रक्तापाशी येऊन थांबते. 'पबजी मोबाइल' या खेळावर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली ती सार्वभौमत्व आणि सुरक्षितता यांच्या कारणास्तव. तिचा नीतीशी फारसा संबंध नव्हता. मात्र जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला, तेव्हा तो सोवळे नेसून आला. रक्त हिरवे झाले, 'किल' या शब्दाच्या जागी 'फिनिश' आला, अल्पवयीनांच्या खेळण्याला वेळेची मर्यादा पडली. या शुद्धीकरणामागील गृहीतक असे की, हिंसेचे पाप तिच्या रंगात आणि नावात असते. मराठी माणसाला हे गृहीतक पटण्याचे कारण नाही. हुतूतूत गडी 'मरतो', भिडूंनी पलीकडचा गडी मारला की तो 'जिवंत' होतो, आणि कबड्डीच्या एका जुन्या प्रकाराचे तर नावच संजीवनी आहे. या मरणाने आजवर कोणाची झोप उडालेली नाही. शब्द बदलून जर काही साधत नसेल, तर दोष शब्दात नव्हता एवढेच सिद्ध होते. दोष कोठेच नव्हता, असे नव्हे.

खेळाचे समर्थक येथे कलेच्या स्वायत्ततेचा आधार घेतात. हे सारे काल्पनिक आहे, व्यवहाराचे नियम त्याला लावू नयेत, हा युक्तिवाद मराठी समीक्षेला परिचित आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची जी मांडणी केली, तिच्या दुसऱ्या टोकाशी हा युक्तिवाद नेऊन बसवता येईल. पण तो तेथे टिकत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगताना स्वतःच्या सुखदुःखाच्या आहारी जाणे हे एक विघ्न मानले आहे. रंगमंचावरील भय प्रेक्षकाचे स्वतःचे झाले, की रस संपतो. युद्धखेळ नेमका या विघ्नावर उभा आहे. भिंतीआड दबा धरून बसलेल्या खेळाडूचे भय साधारणीकृत नसते; ते त्याचे स्वतःचे असते, कारण पुढच्या क्षणी बाद होणारा तोच असतो. तो सहृदय नव्हे, कर्ता आहे. त्यामुळे अलौकिकतेचे अभयदान त्याला मिळू शकत नाही. (बुद्धिबळालाही हे लागू पडते, पण बुद्धिबळातल्या प्याद्याला आवाज नसतो.)

तेव्हा प्रश्न कर्त्याचा आहे, आणि कर्त्याच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की, त्याला काय दिसते?

अमेरिकी सैन्यदलाने जुलै २००२ मध्ये 'अमेरिकाज् आर्मी' हा खेळ विनामूल्य खुला केला. सैन्यभरतीला साहाय्य हा त्याचा उघड हेतू होता. २०२२ मध्ये तो बंद झाला. त्याच्या रचनेत एक विलक्षण युक्ती होती. दोन तुकड्या परस्परांशी लढत. पण प्रत्येक खेळाडूला आपली तुकडी अमेरिकी सैनिकांची दिसे आणि समोरची शत्रूची. समोरच्यालाही स्वतःविषयी तेच दिसत असे. एकच माणूस एका पडद्यावर आप्त आणि दुसऱ्यावर शत्रू. अमेरिकी सैनिकावर गोळी झाडण्याची पाळी कोणावर येऊ नये, ही यामागची सोय. सोय म्हणून ती निर्दोष आहे. परंतु 'समोरचाही स्वतःला आपणच समजतो' हे युद्धातील सर्वांत अवघड ज्ञान तिने पडद्यातच बुजवून टाकले.

या ज्ञानाची दुसरी बाजू आळंदीला ठाऊक आहे. ज्या गावात शके १२१८ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, जेथे जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेथे ज्ञानेश्वरीची पारायणे अखंड चालतात. आणि पारायण सुरू होते ते रणांगणावर. दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा करवून अर्जुन पाहतो, आणि त्याला शत्रुपक्षात आप्त दिसतात. ज्ञानेश्वर या क्षणी घाई करीत नाहीत. अर्जुनाच्या मनात कृपा शिरली आणि त्या अपमानाने वीरवृत्ती निघून गेली, जशी कुलीन स्त्री दुसरीला सहन करीत नाही; कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकतो, तसा हा वीर अडकला. ज्ञानेश्वरांच्याही लेखी हा मोहच आहे, आणि ग्रंथाचा पुढील सारा प्रवास तो दूर करण्यासाठी आहे, हे विसरता कामा नये. पण दूर करण्यापूर्वी तो पूर्णपणे पाहू दिला आहे. गीतेत उत्तर प्रश्नानंतर येते. अमेरिकी खेळात उत्तर आधी देऊन प्रश्न दिसण्याची शक्यताच काढून घेतलेली आहे. चाकणच्या कारखान्यातून पाळी संपवून आळंदीतल्या भाड्याच्या खोलीवर परतलेला तरुण मोबाइल उघडतो, तेव्हा त्याच्या खेळातही रथ मध्ये थांबत नाही. विमानातून उडी, शस्त्रशोध, आणि लगेच युद्ध.

येथवरचा निष्कर्ष खेळाच्या विरुद्ध जातो. पण त्या तरुणाच्या खेळात एक जागा अशी आहे, जी हा निष्कर्ष इतका सरळ राहू देत नाही. चौघांच्या तुकडीतला एक गोळी लागून पडला, तर तो तत्काळ बाद होत नाही. खेळाडूंच्या बोलीत तो 'नॉक' होतो. जमिनीवर सरपटत राहतो, त्याचा प्राण हळूहळू ओसरतो, आणि भिडूने काही सेकंद शस्त्र खाली ठेवून त्याच्याजवळ बसून राहिले तरच तो उठतो. तुकडीत कोणीच उभे उरले नसेल, तर मात्र पडलेला तेथेच संपतो. म्हणजे पडलेला शत्रू अजून सरपटतो आहे, यावरूनच मारणाऱ्याला कळते की, याचे कोणीतरी आहे. म्हणून मुरलेला खेळाडू त्याला संपवीत नाही. तो थांबतो. वाचवायला येणाऱ्यासाठी हे जिवंत आमिष आहे.

हिरव्या रक्ताने या कृतीला स्पर्शही होत नाही, आणि नैतिकदृष्ट्या खेळात याहून गंभीर काही नाही. अर्जुनाला जे दिसले तेच येथे दिसते: पलीकडेही माया आहे, पलीकडचाही कोणासाठी तरी धावेल. पण ते दिसल्यावर धनुष्य गळून पडत नाही. नेम अधिक पक्का होतो. करुणेचे ज्ञान करुणेविना वापरता येते, हे नीतिशास्त्राला नवे नाही. तथापि, ते एखाद्या नियमात इतके स्वच्छ बांधलेले क्वचितच आढळते. आणि नियम तरी कशाच्या भरवशावर चालतो? भिडू येईल, या. खेळाडूंनी एकमेकांना वाचवायला जाण्याचे सोडून दिले, तर आमिषाला अर्थ उरणार नाही.

पडलेल्या खेळाडूलाही हे सारे कळत असते. मायक्रोफोनवरून तो पुष्कळदा भिडूंना सांगतो, "येऊ नका, तो बसलाय." किती मारले, किती वाचवले हे खेळ शेवटी मोजून दाखवतो, हे वाक्य त्यात नसते. ते लौकिकात जमा करावे की अलौकिकात, याचा निर्णय पाटणकरांच्या दोन वादांपैकी एकाच्याही साहाय्याने सहज लागत नाही, कारण ते उच्चारताना तो खेळतच असतो, आणि ज्यांना उद्देशून उच्चारतो ते त्याचे खरेच मित्र असतात.