केसपेपरवर नसलेला छंद

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांध्यांचा जन्मभर सोबत राहणारा आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजून जाड होते, आणि उपचार लांबले तर कूर्चा व हाड झिजू लागते. भारतात दर हजार प्रौढांमागे साधारण पाच ते सात जणांना तो असतो. पुण्याजवळच्या भिगवण गावात १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीतही हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटीतिपटीने अधिक दिसतो, आणि बहुधा तिशी ते पन्नाशीत गाठतो. नोकरी आणि संसार दोन्ही ऐन भरात असतात तेव्हाच. या वयात छंदाला तशीही सवडीतली सवड मिळते.

आजाराचा पहिला रोख हातांवर असतो. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, मधली पेरे आणि मनगटे सुजतात, तीही बहुधा दोन्ही हातांची. त्यामुळे भरतकाम, विणकाम, रांगोळी, वादन असे हातांवर चालणारे छंद आधी अडतात. पेटीचेच पाहा. पट्टी दाबायला फारसा जोर लागत नाही, म्हणून बाहेरून हे वाद्य सोपे वाटते. पण उजव्या हाताला जोरापेक्षा मोकळेपणा हवा असतो. अंगठा बोटांखालून सरकवावा लागतो आणि प्रत्येक बोट दुसऱ्याला न ओढता उचलावे लागते. सुजलेल्या सांध्याचे बोट पट्टीवर पडते, मात्र वेळेवर उठत नाही. मागचा स्वर पुढच्यात घुसतो आणि तान स्वच्छ येत नाही. डावे मनगट भात्यावर अखंड त्याच हालचालीत अडकलेले असते. ते कचरले की हवा कमीजास्त होते आणि सूर हलतो.

दुखण्यापेक्षा हे अधिक जाचते. दुखणे सोसून वाजवणारे पुष्कळ आहेत. स्वतःच्याच कानाला खटकणारे वादन सोसणारे थोडे. वर्षानुवर्षांच्या रियाजाने तयार झालेला कान आजारात शाबूत राहतो आणि हात मात्र उतरतो. नवशिक्याला आपले बेसूर कळत नाही, हे त्याचे भाग्यच म्हणायचे. जुन्या वादकाला सगळे ऐकू येते, म्हणून तो पेटी उघडायचे टाळतो. घरच्यांना मात्र वाटते की त्याची आवडच संपली.

वेळेचेही गणित बिघडते. या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात, अनेकदा तासभर किंवा त्याहून जास्त. रियाजाची वेळ नेमकी तीच. त्यावर भर पडते ती झोपेनेही न जाणाऱ्या थकव्याची. आजार मध्येच उसळतो, मध्येच शांत होतो. त्यामुळे पुढच्या गुरुवारी साथीला येतो, असा शब्द देणे अवघड होते. दोनतीनदा ऐनवेळी नकार गेला की बोलावणीही थांबतात. मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचे मुख्य औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि काहींना दुसऱ्या दिवशी मळमळते, गळून गेल्यासारखे होते. कामाचा दिवस बुडू नये म्हणून नोकरदार रुग्ण ते शनिवारी रात्री घेतात. नोकरी वाचते, पण रविवार जातो, आणि छंदाचा वार तोच असतो.

ही निवड कोणी मुद्दाम करत नाही. अंगातली ताकद मोजून खर्चायची वेळ आली की आधी ऑफिस, मग स्वयंपाक, मग मुले, आणि उरले तर छंद असा क्रम आपोआप लागतो. वैद्यकही याच क्रमाने विचार करते. रुग्णाला रोजची कामे कितपत जमतात हे मोजणारी एक प्रश्नावली स्टॅनफर्डमध्ये तयार झाली. ती १९८० पासून जगभर वापरात आहे. तिच्या भारतीय रूपात मांडी घालून बसणे, नळ फिरवणे, रिक्षात चढणे-उतरणे, भाजीबाजार करणे असे अगदी इथले प्रश्न आहेत. छंदाबद्दल प्रश्न नाही. खरे तर पॅट्रिशिया कॅट्झ आणि एडवर्ड येलिन या अमेरिकी संशोधकांनी याच आजाराच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा मनाला मोलाची वाटणारी कामे सुटणे आणि पुढे येणारे नैराश्य यांचा जवळचा संबंध दिसला. म्हणजे छंद ही चैन समजून यादीत शेवटी टाकणे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे.

इथे हमखास रेन्वारचे उदाहरण दिले जाते. या फ्रेंच चित्रकाराची बोटे संधिवाताने पार वाकली होती, तरी १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रंगवत राहिला. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धी सांगितली जाते. चित्रकला हा त्याचा व्यवसाय होता. ब्रश हातात अडकवून द्यायला माणसे होती, मोठा कॅनव्हास गुंडाळत पुढे सरकवायची सोय होती आणि सगळे घर त्याच्या कामाभोवती उभे होते. बँकेत नोकरी करून संध्याकाळी पेटी वाजवणाऱ्याला हाताशी कोण असते? त्याला नुसती जिद्दीची शिकवण देणे म्हणजे आजाराचा दोष रोग्याच्या माथी मारणे.

त्यापेक्षा साध्या गोष्टींचा उपयोग अधिक. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मनगटाला आधार देणारा पट्टा करून देतात, सुई किंवा ब्रशची मूठ जाड करून देतात, सलग तासाऐवजी मध्ये विश्रांती घेत थोडे थोडे करायला शिकवतात. सकाळचा रियाज दुपारी नेता येतो. भात्याला दुसऱ्याचा हात घेता येतो, तान सोडून संथ लयीत वाजवता येते. ‘आता नुसते ऐका’ हा सल्ला मात्र फारसा कामाचा नाही. वाजवणाऱ्याला ऐकण्याची गोडी असतेच, पण ती वाजवण्याची भूक भागवत नाही.

सर्वात मोठा फरक पडतो तो वेळेवर सुरू केलेल्या उपचारांनी. हाडांची झीज बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि औषधाचा गुण दिसायला काही आठवडे ते दोनतीन महिने लागतात. म्हणून बोटे सुजून सकाळचा आखडलेपणा काही आठवडे टिकला, तर संधिवाततज्ज्ञाला गाठावे. ते छंदाबद्दल बहुधा विचारणार नाहीत. आपणहून सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे.