कोळसा हाताळायला बारावी कशाला?

अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यात ड्रेपर नावाच्या गावी ड्यूक पॉवर कंपनीचं वीजकेंद्र होतं. त्यात पाच विभाग. कृष्णवर्णीय माणसाला नोकरी मिळायची ती फक्त ‘लेबर’ विभागात, म्हणजे झाडलोट आणि अंगमेहनत. त्या विभागातला सगळ्यात मोठा पगार हा उरलेल्या चार विभागांतल्या सगळ्यात छोट्या पगारापेक्षाही कमी होता.

२ जुलै १९६५ला नोकरीत वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा लागू झाला. कंपनीनं रंगाची अट काढली. आता लेबरमधून अगदी कोळसा हाताळणीच्या विभागात जायचं, तरी हायस्कूलचा डिप्लोमा हवा, म्हणजे साधारण आपली बारावी. त्याच दिवसापासून नव्या उमेदवारांना डिप्लोम्याबरोबर दोन लेखी परीक्षाही आल्या. पुढे जुन्या कामगारांना मुभा मिळाली की डिप्लोमा नसेल तर त्या परीक्षा पास व्हा. पण गुणांची रेघ इतकी वर होती, की हायस्कूल पास झालेल्यांतलेही जवळपास निम्मे त्यात गळले असते.

नियम सगळ्यांना सारखाच होता. मग अन्याय कुठे झाला?

१९६०च्या जनगणनेत त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष होते ३४ टक्के, कृष्णवर्णीय १२ टक्के. हे आळसामुळे झालेलं नव्हतं. तिथल्या शाळा कायद्यानंच वेगळ्या ठेवलेल्या होत्या आणि काळ्या मुलांच्या वाट्याला निकृष्ट शाळा येत होत्या. आधी शिकू द्यायचं नाही आणि मग शिकला नाहीस म्हणून वर चढू द्यायचं नाही. दुसऱ्या पायरीवरचा माणूस पहिल्या पायरीचा इतिहास हातावेगळा करून म्हणतो, मी तर फक्त प्रमाणपत्र बघतोय.

आणि मजा म्हणजे, ही अट येण्याआधी लागलेले डिप्लोमा नसलेले गोरे कामगार त्याच विभागांत नीट काम करत होते, बढत्याही घेत होते.

आता खरी अडचण. हीच कंपनी कमी शिकलेल्या कामगारांच्या हायस्कूलच्या फीचे दोन तृतीयांश पैसे भरत होती. आजच्या भाषेत ‘स्किलिंग’. याला वाईट कसं म्हणणार? महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या माणसांना. शिक्षण हाच सुटकेचा रस्ता, हे त्यांच्याकडूनच तर आपण शिकलो. त्यामुळे फी भरणाऱ्या कंपनीवर संशय घेताना मलाही जड जातं. तरी घ्यायला हवा. जे काम डिप्लोम्याशिवाय होतं, त्यासाठी चाळिशीच्या माणसाला पुन्हा शाळेत पाठवणं म्हणजे खोट त्याच्यात आहे असं ठरवून टाकणं. दार अरुंद का केलं, हा प्रश्न मग कुणी विचारतच नाही. प्रशिक्षणाच्या योजना सरकारांना आवडतात त्या यासाठीही, असं मला वाटतं: त्यात बदलायचं असतं ते नेहमी गरिबाला.

शिक्षण नको असं कोण म्हणेल? शिक्षण माणसाला मिळावं ते त्याचं म्हणून. झाडू खाली ठेवण्याचा दंड म्हणून नव्हे.

विली ग्रिग्ज आणि त्याचे बारा सहकारी कोर्टात गेले. वीजकेंद्रात एकूण कृष्णवर्णीय कामगार होते चौदा. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हेतू चांगला असून भागत नाही. अटीचा कामाशी संबंध आहे हे मालकानं दाखवावं. मेरीलँड राज्यानं २०२२मध्ये आपल्या हजारो सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीची अट काढली, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला होता: या कामाला हे खरंच लागतं का?

एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की वरून समान दिसणाऱ्या पण परिणामात विषम ठरणाऱ्या अटींविरुद्धची कारवाई केंद्रीय खात्यांनी मागे सारावी. आदेशाच्या नावात ‘गुणवत्ता’ हा शब्द आहे.